पास काढण्यापुरती 'डब्ल्यूसी' पुरेल का? चाकण-पिंपरी पट्ट्यातील ठेकेदारांनी विमा कोणता आणि किती घ्यावा

चाकण : एमआयडीसीत जमिनी गेल्यानंतर महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, सावरदरी, वराळे या गावांतले अनेक तरुण ठेकेदारीत उतरले. कुणी मजूर पुरवतो, कुणी शेड उभारतो, कुणाची हायड्रा-जेसीबी भाड्याने चालते. कंपनीच्या गेटवर पास काढताना या सगळ्यांकडे एक कागद हमखास मागतात. तो म्हणजे कामगार नुकसानभरपाई विम्याची पॉलिसी, बोलीभाषेतली 'डब्ल्यूसी'. पास मिळावा म्हणून दहा जणांची पॉलिसी काढायची आणि आत पंचवीस माणसे न्यायची, हा प्रकार नवा नाही. काही घडत नाही तोवर ते खपून जाते.

घडते तेव्हा हिशेब लाखांत जातो. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी भोसरीच्या सद्गुरुनगरमध्ये मजुरांच्या वसाहतीतली पाण्याची टाकी फुटून कोसळली आणि पाच मजुरांचा जीव गेला. त्याआधी १७ एप्रिल २०२३ रोजी रावेतजवळ किवळे येथे वादळी पावसात आडोशाला थांबलेल्या लोकांवर होर्डिंग पडले, तिथेही पाच जण दगावले. पहिल्या घटनेत मेले ते मजूर होते आणि ठिकाण कारखाना नव्हते. दुसऱ्या घटनेत मेलेले लोक रस्त्यावरून जाणारे होते. अशा दोन घटनांना एकच पॉलिसी पुरत नाही, इथूनच विम्याचा विचार सुरू करावा लागतो.

एका माणसामागे देणे किती?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे सूत्र सोपे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५० ऐवजी ६० टक्के धरायचे. पगार कितीही असला तरी हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. सूत्र तेच राहिले, पण वेतनाची मर्यादा सरकार अधिसूचना काढून बदलू शकते. म्हणून पॉलिसीचे नूतनीकरण करताना चालू आकडा विचारून घ्यावा.

३० वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८ आहे. ७,५०० ला त्याने गुणले की १५,५९,८५० रुपये होतात. तोच मजूर कायमचा जायबंदी झाला तर १८,७१,८२०. चाळिशीतल्या माणसाचा गुणक १८४.१७, म्हणजे मृत्यूची भरपाई १३,८१,२७५ रुपये. माणूस जितका तरुण, तितके देणे जास्त. गावाकडून आलेली विशी-पंचविशीची पोरे छपरावर चढवणाऱ्या ठेकेदाराने हे आधी पाहावे.

महिन्याभरात रक्कम जमा केली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. हा दंड मालकाच्या स्वतःच्या चुकीचा असल्याने विमा कंपनीवर टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले आहे. वरच्या उदाहरणात दंड पावणेआठ लाखांवर जातो आणि तो खिशातून भरावा लागतो.

बरेच जण "माणूस कंपनीत मेला, कंपनी बघेल" असे धरून चालतात. कायद्याने मजुराचे कुटुंब भरपाई थेट कंपनीकडे मागू शकते हे खरे. पण ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्कही कंपनीला कायद्यानेच दिला आहे. अडकलेले बिल मग सुटत नाही.

गावात बसून मिटवणे महागात पडते

अपघातानंतर चार माणसे बसवायची, घरच्यांच्या हातात दोन-तीन लाख ठेवायचे आणि स्टॅम्प पेपरवर 'आता काही मागणे नाही' असे लिहून घ्यायचे, ही पद्धत आजही चालते. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांना परस्पर दिलेले पैसे कायद्याच्या लेखी भरपाई ठरत नाहीत. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची रक्कम तेवढी वजा होऊ शकते. हक्क सोडल्याचा करारही टिकत नाही. विधवा पत्नीने वर्षभराने दावा लावला तर ठेकेदाराला पुन्हा पूर्ण रक्कम मोजावी लागते. विमा कंपनीला न विचारता केलेली तडजोड तर दावा नाकारायला आयते कारण ठरते.

ईएसआय असेल तर?

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. १५,००० पगारावर ठेकेदाराला महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे पडतात. त्यात कामावरच्या अपघातातील उपचार होतात, काम बंद असताना वेतनाच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना मासिक लाभ मिळतो. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. ईएसआयमध्ये असलेल्या कामगारासाठी त्याच अपघाताची वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. त्यामुळे 'डब्ल्यूसी' लागते ती २१,००० च्या वर पगार असलेल्या वेल्डर, ऑपरेटर, सुपरवायझरसाठी आणि ईएसआयबाहेरच्या मजुरांसाठी. ईएसआय कापायचा पण भरायचा नाही, हा मात्र सगळ्यात वाईट प्रकार. त्यात कामगाराचे हाल होतातच, शिवाय महामंडळ ठेकेदाराकडून वसुली करते ती वेगळीच.

बँकेतून २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मजुराने जरूर घ्यावी, तिच्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. पण तो मजुराचा स्वतःचा विमा आहे. ठेकेदाराची जबाबदारी त्यातून एक रुपयानेही कमी होत नाही.

पॉलिसीत नेमके काय पाहावे

'डब्ल्यूसी' चा हप्ता मजुरांची संख्या, एकूण वेतन आणि कामाचा प्रकार यांवर ठरतो. घोळ याच तीन ठिकाणी होतात. पंचवीस माणसे असताना दहा दाखवली की विमा कंपनी हात आखडता घेते. कागदावर 'हाउसकीपिंग' लिहिले आणि माणूस तीस फुटांवर पत्रे बसवताना पडला, तर दावा अडकणारच. उंचीवरचे काम, वेल्डिंग, खोदकाम हे शब्द पॉलिसीत आलेच पाहिजेत. कामाच्या ठिकाणात फक्त चाकण लिहिले असेल आणि माणसे रांजणगावला किंवा तळेगावला पाठवली, तरी वाद होतो. मजुरांची वसाहत ठेकेदारानेच उभारली असेल तर तिचा पत्ताही ठिकाणांच्या यादीत लिहून घ्यावा. मुकादमाने आपल्या हाताखाली आणलेली माणसे म्हणजे पोटठेकेदाराची माणसे. ती आपोआप धरली जात नाहीत, तशी नोंद करून घ्यावी लागते. दवाखान्याचा खर्चही बऱ्याच पॉलिसींत जादा हप्ता भरल्यावरच मिळतो.

वाटेतल्या अपघाताचेही विचारून ठेवावे. पुणे-नाशिक महामार्गावरून रात्रपाळीला दुचाकीवर येणारी माणसे हजारोंनी आहेत. मराठवाड्यातल्या साखर कारखान्याचा रखवालदार कामावर जाताना अपघातात गेला होता. त्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवासाचा कामाशी, वेळेशी आणि जागेशी संबंध दिसतो म्हणून भरपाई मान्य केली. नव्या संहितेतही अशा प्रवासाची तरतूद आहे.

आता बाहेरच्या माणसाचे आणि मालमत्तेचे. शेड, कंपाउंड, रस्ता अशा बांधकामासाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' आणि मशीन बसवण्याच्या कामासाठी 'इरेक्शन ऑल रिस्क' पॉलिसी असते. विमा रक्कम कामाच्या पूर्ण किमतीएवढी हवी, कंपनीने दिलेले सामानही त्यात धरावे. निम्म्या किमतीचा विमा काढला तर भरपाईही निम्मीच मिळते. २० लाखांच्या कामाचा १० लाखांचा विमा असेल आणि नुकसान ४ लाखांचे झाले, तर हातात २ लाख येतात. या पॉलिसीत तिसऱ्या पक्षाच्या जबाबदारीचा भाग असतो, तो टाळू नये. आणखी एक पोटकलम महत्त्वाचे, मालकाच्या आजूबाजूच्या मालमत्तेचे. चालू कारखान्यात वेल्डिंगची ठिणगी उडून शेजारची मशीन जळाली, तर हे कलम नसताना भरपाई मिळणे कठीण असते.

काम संपले की ही पॉलिसी संपते, फार तर देखभालीच्या मुदतीपर्यंत वाढवता येते. होर्डिंग, टाक्या, छत यांची कामे करणाऱ्यांनी म्हणून वेगळी सार्वजनिक दायित्व पॉलिसी घ्यावी. तिच्यात दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा. एजंट 'एक कोटीची पॉलिसी' म्हणतो तेव्हा एका अपघाताला त्यातले किती, हे विचारावे. रक्कम ठरवताना हप्ता बघू नये, ज्या शेडखाली काम चालते तिथली सर्वात महाग मशीन आणि तिथे एका वेळी उभी राहणारी माणसे बघावीत.

हायड्रा आणि जेसीबीवाल्यांची फसगत वेगळीच होते. गाडीचा विमा आहे म्हणून ते निर्धास्त असतात. पण मोटार विम्यात, माल उचलताना क्रेन उलटली किंवा तिच्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर जादा हप्ता भरून घेतलेले कलम लागते. ते 'आयएमटी ४७' या क्रमांकाने ओळखले जाते. पॉलिसीच्या कागदावर हा क्रमांक कोणत्या शब्दांत आला आहे ते वाचावे, कारण हेच कलम हप्ता न भरणाऱ्याची जोखीम वगळते.

वर्क ऑर्डरमध्ये 'सर्व नुकसानीस ठेकेदार जबाबदार' अशी ओळ असतेच. काम उशिरा झाल्याचा दंड किंवा उत्पादन थांबल्याचे पैसे साधारणपणे कोणतीही पॉलिसी देत नाही. सही करण्याआधी ती जबाबदारी कामाच्या किमतीपुरती मर्यादित करून मागावी. मोठ्या कंपन्या नाही म्हणतील, लहान युनिटवाले ऐकतात.

दावा अडला तर

अपघात झाल्या दिवशीच विमा कंपनीला लेखी कळवावे, व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटला सांगणे पुरेसे नाही. हजेरीपत्रक, वेतन बँकेतून दिल्याच्या नोंदी, पोलीस पंचनामा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. रोख पगार दिलेल्या मजुराचे वेतन सिद्ध करताना ठेकेदाराची दमछाक होते. विमा कंपनीने दावा नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिन्याभरात उत्तर दिले नाही, तर एकल मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करू शकतात. मुदत एक वर्षाची आहे. पुणे जिल्ह्यासाठीचे लोकपाल कार्यालय पुण्यातच आहे आणि तक्रारीसाठी वकील लावावा लागत नाही. विमा नियामकाचा हेल्पलाइन क्रमांक १५५२५५ आहे.