आढाव, बाबा

(१ जून १९३० – ८ डिसेंबर २०२५). महाराष्ट्रातील समाजसुधारक आणि असंघटित कष्टकऱ्यांचे संघटक. जन्म पुण्याचा. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या आढावांनी १९५५ मध्ये पुण्यात हमाल पंचायत स्थापन केली. फुल्यांचा सत्यशोधकी विचार आणि समाजवादी चळवळ यांतून घडलेल्या या कार्यकर्त्याने शहरी गरिबांना मदतीचे पात्र न मानता हक्काचे धनी मानले, आणि हेच त्यांच्या कार्याचे खरे वैशिष्ट्य होय.

पेठेत पोती वाहणारा हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसे, त्यामुळे कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला मिळत नसे. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात आढाव यांनी माथाडींच्या, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझे वाहणाऱ्यांच्या, उभारलेल्या लढ्यांमागे हीच अडचण होती. १९६९ च्या माथाडी कायद्याने तिच्यावर उपाय काढला: व्यापारी व हमाल दोघांचीही नोंदणी या कायद्याखालील माथाडी मंडळाकडे होते, व्यापारी हमालीबरोबर ‘लेव्ही’ ही ठरावीक जादा रक्कम मंडळात भरतो आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस यांची तरतूद होते. मालक अनेक असूनही कामगाराला एकच आधार देणारी ही रचना अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावी अशी आहे. कष्टकऱ्यांना परवडणारे जेवण मिळावे यासाठी हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त भोजनकेंद्र सुरू केले.

शहरातील या दारिद्र्याची मुळे बव्हंशी कोरडवाहू खेड्यांत आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर तालुक्यांत कालव्याखालचा बागायती पट्टा आणि पाऊस हुकला की ओस पडणारा जिराईत पट्टा शेजारी शेजारी नांदतात. अशा जिराईत भागांतून दुष्काळात माणसे शहराची वाट धरतात, तर तालुक्याच्या बाजार समित्यांतही हमाल व तोलणार हेच ओझ्याचे जिणे जगतात. १९७२ च्या दुष्काळात आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेऊन दलितांना सार्वजनिक पाणवठ्यावर असलेली बंदी उघडपणे मांडली.

हमालांप्रमाणेच कचरावेचकांचीही संघटना आढावांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली: १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत दलित स्त्रिया बहुसंख्य होत्या. पुणे महानगरपालिकेने मान्य केलेल्या ओळखपत्रांमुळे कचरावेचकांना कामगार म्हणून ओळख मिळाली, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. त्याचे शुल्क रहिवासी थेट कचरावेचकाच्या हाती देतात.