क्रोपोत्किन : सरकारी चाकरीत घडलेला अराज्यवादी

अराज्यवादी म्हटले की बॉम्ब फेकणारा माथेफिरू डोळ्यांपुढे उभा राहतो. प्योत्र क्रोपोत्किन (१८४२-१९२१) याची कहाणी मात्र सरकारी कचेरीतून जाते, आणि म्हणूनच आम्हा प्रशासकांना ती अस्वस्थ करते.

मॉस्कोच्या सरदार घराण्यातला हा तरुण झारच्या खास विद्यालयात शिकला. १८६२ मध्ये राजधानीतील मानाची पलटण सोडून त्याने सायबेरियातील आमूर कोसॅक पथक मागून घेतले. भूदासमुक्तीचे फर्मान आदल्याच वर्षी निघाले होते. आपल्या हातून काही घडेल, ही आशा होती. चिता येथे प्रांताधिपती कुकेल यांचा साहाय्यक म्हणून तुरुंग, हद्दपारी व नगरशासन यांच्या सुधारणेचे काम त्याच्याकडे आले. पुढे राजधानीतील वारे फिरले आणि परिश्रमाने केलेल्या योजना दप्तरात पडून राहिल्या.

त्याच्या आत्मचरित्रातील (१८९९) एक प्रकरण तर आजचे वाटावे. शेतकऱ्यांना लुबाडणाऱ्या एका जिल्हा अधिकाऱ्याची त्याने चौकशी केली, भेदरलेल्या माणसांकडून जबान्या मिळवल्या. अधिकारी पदावरून दूर झाला. काही महिन्यांनी कळले, की त्याला कामचाटकात वरच्या पदावर नेमले आहे!

सायबेरियातील पाच वर्षांत त्याचा राज्यसंस्थेवरील विश्वास उडाला. पुढचे आयुष्य भूगोलसंशोधन, १८७४ ची अटक, १८७६ मधील तुरुंग-रुग्णालयातून पलायन, फ्रान्समधील कारावास आणि इंग्लंडमधील दीर्घ वास्तव्य असे गेले. जीवसृष्टीत स्पर्धेइतकेच सहकार्यही निर्णायक असते, हे मांडणारा ‘म्युच्युअल एड’ हा त्याचा ग्रंथ १९०२ मध्ये आला.

ग्रामसमूहावरची त्याची श्रद्धा मला पूर्णपणे पटत नाही. आपल्याकडे गावाच्या एकमतामागे बहुधा जातीची उतरंड उभी असते, आणि गावाने नाकारलेल्या माणसाला शेवटी तहसील कचेरीचीच पायरी चढावी लागते.

१९१७ मध्ये तो मायदेशी परतला. केरेन्स्कीने देऊ केलेले मंत्रिपद त्याने नाकारले. मार्च १९२० मध्ये दिमित्रोव्ह या लहान गावातून त्याने लेनिनला पत्र लिहिले. राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या या वृद्धाने त्यात आधी गाऱ्हाणे मांडले होते ते तेथील टपाल-तार कर्मचाऱ्यांच्या उपासमारीचे. त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १९२१ मध्ये, त्याच गावी त्याचे निधन झाले.