तळणीच्या कोरी

विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’ १८६८ च्या ग्रहणाचे, तिथेच इंग्रज खगोलविद लॉकियरला हेलियम सापडला, असं सांगतात. मला हे पटत नाही. त्या ग्रहणाला फ्रेंच खगोलविद जान्सेन गुंटूरला होता, तर लॉकियरने सूर्याचा वेध इंग्लंडमधूनच, ऑक्टोबरात घेतला. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासाला, मेलपोमीन युद्धनौकेचे खलाशी हाताशी धरून. कट्टे तेव्हाचेच असणार.

यात किल्ल्याचा मान वाढतोच. त्या दिवशीच्या सावलीच्या वाटेवर जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला होते, पुलगावला न्यूअल, शेजारच्या तळणीला जॉन एव्हरशेड. नकाशावर ही ठिकाणं जोडून रेघ ओढा. सूर्याच्या स्पिक्यूलांची, म्हणजे तिथल्या वायूच्या बारीक कारंज्यांची, खरी कुळकथा मी या रेघेवर सुरू करतो.

मूळपुरुषाचा मान सहसा रोमच्या फादर सेक्कींना मिळतो. त्यांनी १८७० च्या दशकात सूर्याच्या कडेला पेटलेल्या कुरणासारख्या ज्वाला पाहिल्या. ‘स्पिक्यूल’ हे नाव १९४५ साली रॉबर्ट्सने दिलं. पण दिसणं वेगळं आणि कोडं पडणं वेगळं. कोडं ग्रहणाच्या काचांवर उमटलं.

बिंब झाकलं जाताच वर्णगोल, म्हणजे बिंबावरचा वायूचा पातळ थर, काही सेकंद उघडा पडतो. एव्हरशेडच्या कॅमेऱ्यात फट नव्हती, भिंगापुढे लोलक होता. त्यामुळे वर्णपटातली प्रत्येक रेषा सूर्याच्या कडेसारखी वाकून कोर झाली. कोर जितकी लांब, तितका तो वायू उंच. अशा छायाचित्रांत कॅल्शियमच्या कोरी फार लांब निघतात. हायड्रोजनच्या चाळीसपट जड अणू हजारो किलोमीटर वर टिकतो कसा? १९२० च्या दशकात मिल्न म्हणाला, प्रकाशाचा दाब त्याला तोलून धरतो. युक्तिवाद देखणा, पण तो थर शांत गृहीत धरणारा. तिथलं द्रव्य बरंचसं तोललेलं नाही, फेकलेलं आहे. स्पिक्यूल म्हणजे जेमतेम काही शे किलोमीटर रुंदीची कारंजी. सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने दहा हजार किलोमीटरपर्यंत चढतात आणि पाच-दहा मिनिटांत विरतात.

फेकतं कोण, यावर भांडण चालू आहे. २००४ साली डी पॉन्टिऊ आणि सहकाऱ्यांनी सूर्याच्या पाच मिनिटांच्या हेलकाव्यांकडे बोट दाखवलं. संथ स्पिक्यूलांपुरतं ते मला पटतं. पण २००७ मध्ये हिनोडे उपग्रहाने दाखवलेले दुसऱ्या जातीचे स्पिक्यूल मिनिटा-दीड मिनिटात संपतात, कित्येकदा सेकंदाला शंभर किलोमीटरने सुटतात. तिथे हेलकावे पुरणार नाहीत. चुंबकी क्षेत्राचा ताण सुटल्याशिवाय एवढा झटका येत नाही.