लाला दीनदयाळ : इंदूरमध्ये घडलेले छायाचित्रकार

मेरठजवळील सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीतील शिक्षणानंतर १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्यासाठी रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार असताना त्यांनी १८९२ मध्ये तेथे केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. दरबार व शिकारीच्या चित्रांइतकी या कार्याची चर्चा होत नाही, हे नवलच. पडद्यातील स्त्रियांना परक्या पुरुषासमोर न येता आपले छायाचित्र काढून घेता येऊ लागले आणि कुटुंबाच्या अल्बममधील त्यांची रिकामी जागा भरू लागली. उंच भिंतींआडच्या या स्टुडिओची व्यवस्था एक इंग्रज स्त्री पाहत असे.