कुत्र्यावर आळ

कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या वाडीवर गेलात तर सारवलेल्या ओट्यावर कुत्रा झोपलेला दिसेल. शेजारी गोठा, ओल, भेगाळलेली माती. वाळूमाशीला आणखी काय हवं? महाराष्ट्र काळा आजाराच्या पट्ट्यात नाही, पण समजा तो इथे आला आणि कुणी म्हणालं, ‘आधी कुत्रे मारा’. तुम्ही काय विचाराल?

1903 मध्ये लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी हा परजीवी ओळखला. 1908 मध्ये ट्युनिसला शार्ल निकोलना तशाच परजीवीची लागण कुत्र्यांत सापडली, आणि आळ कुत्र्यावर आला. तिथे तो खराही होता. पण ब्राझीलने अनेक दशकं बाधित कुत्रे मारले, तरी रोग हटला नाही. मेलेल्याच्या जागी नवं पिल्लू येतं, तेही बाधित होतं! त्यापेक्षा गळ्यात डेल्टामेथ्रिनचा पट्टा बरा.

आपल्याकडचा परजीवी वेगळा, लीशमानिया डोनोवानी. त्याचा साठा माणसातच. 1922 मध्ये उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या त्वचेवरचे चट्टे नोंदवले. त्यांत परजीवी टिकून असतो. पुढे 1950 च्या दशकात मलेरियासाठी घराघरांत डीडीटी फवारली, तर काळा आजारही जवळपास गेला. त्या मोहिमेत कुत्र्यांचा संबंधच नव्हता. फवारणी थांबली आणि 1970 च्या दशकात बिहारमध्ये तो परत आला.

म्हणून कर्जतला मी आधी दोन गोष्टी तपासेन: परजीवी कुठल्या जातीचा, आणि माशीच्या पोटातलं रक्त गायीचं, कुत्र्याचं की माणसाचं.