प्लास्टिक वस्तूंची सांधणी

प्लास्टिक वस्तूंची सांधणी : तडकलेल्या किंवा तुटलेल्या जुन्या प्लास्टिक वस्तू योग्य चिकटद्रव्याने जोडण्याची क्रिया. एका प्लास्टिकला जे चिकटद्रव्य धरते ते दुसऱ्यावरून पापुद्र्यासारखे सुटते, म्हणून आधी वस्तू कशाची आहे ते ओळखावे लागते.

जुन्या रेडिओंची खोकी, काळी गोल बटणे आणि टेलिफोन बहुधा बेकेलाइटचे असत. लिओ बेकेलँड यांनी फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून १९०७ मध्ये ते बनवले. अंगठ्याने जोरात घासून हुंगले, तर कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो. एकदा घट्ट झालेले बेकेलाइट तापवूनही वितळत नाही आणि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. त्यामुळे पृष्ठभाग विरघळवून जोडणारी द्रव्ये येथे निकामी ठरतात. दोन नळ्यांतले इपॉक्सी (उदा., अ‍ॅरल्डाइट) सर्वांत भरवशाचे. कडा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात, तुकडे आधी कोरडेच जुळवून पाहावेत, मग पातळ थर लावून चिकटपट्टीने आवळून दिवसभर हलवू नयेत. तडा अर्ध्यातच थांबला असेल, तर त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडावे. तेथला ताण विखुरतो आणि चीर पुढे सरकत नाही. उडालेला कोपरा काळा रंग मिसळलेल्या इपॉक्सीने भरून घासता येतो. शोभेच्या वस्तूसाठी हे उत्तम, मात्र विजेचे तडकलेले बटण किंवा कुकरचा मोडका दांडा जोडून वापरू नये, बदलावा.

फेविक्विकसारखी सायनोअ‍ॅक्रिलेट द्रव्ये हवेतल्या ओलाव्याने क्षणात घट्ट होतात. नेमक्या जुळणाऱ्या लहान तुकड्यांना ती पुरतात. पण सांधा ठिसूळ असतो, धक्क्याने सुटतो, आणि पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरकी झाक उरते. घाईत यांचा वापर फार होतो आणि त्यामुळे चांगल्या वस्तू विद्रूप होतात.

पॉलिस्टायरीनची बटणे, झाकणे, पारदर्शक डबे यांना विद्रावकयुक्त प्लास्टिक सिमेंट लावतात. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, म्हणून सांधा मूळ प्लास्टिकचाच होतो. द्रव जास्त झाल्यास वस्तूचा आकार बिघडतो. जुन्या सेल्युलॉइडच्या फण्या व बाहुल्या थोड्या अ‍ॅसिटोनने जुळतात. घासल्यास कापराचा वास आला तर सावध व्हावे : सेल्युलॉइड भडकन पेटते, तापलेल्या सुईने त्याची परीक्षा कधीही करू नये. चिकट ओल सुटू लागलेली वस्तू आतून कुजत असते; ती न जोडता इतर वस्तूंपासून, विशेषतः धातूपासून, दूर ठेवावी.

पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीनच्या बादल्या आणि टब यांना साधी चिकटद्रव्ये धरत नाहीत. त्यांची कपची पाण्यावर तरंगते, हीच ओळख. तापलेल्या लोखंडी सळईने त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा वितळवून तड्यावर बसवणे, हाच त्यांचा टिकाऊ उपाय होय.