अडचणीतल्या पोरींसाठी उघडलेली दारं

आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, पासबुकं भरून झाली, की एखादी बाई हळूच विचारते, "पंधरा-सोळा वर्षांची पोर रात्री घर सोडून आपल्या दाराशी आली, तर तिला ठेवायची कुठं?" कुणाचं बळंच लग्न ठरवलेलं असतं, कुणाला बाप दारू पिऊन मारतो, कुणाला दिवस गेलेले असतात. मग कुणीतरी म्हणतं, नसतं लचांड कशाला. आणि विषय तिथंच थांबतो.

पण हा प्रश्न आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात त्याला एकशे साठ वर्षांचा इतिहास आहे. दार कुणी उघडलं, कसं उघडलं आणि पुढं त्याचा कायदा कसा झाला, हे आज आपण पाहू.

तेव्हा मुलींची लग्नं आठ-दहा वर्षांच्या वयात व्हायची. नवरा वारला की बारा-चौदाची पोर विधवा. उच्च जातीत तर पुन्हा लग्न नाही, केस कापायचे, घराच्या कोपऱ्यात राहायचं. त्याच घरातल्या किंवा नात्यातल्या पुरुषानं फसवलं, तर गरोदर पोरीपुढं विहीर नाहीतर बाळाचा जीव घेणं, एवढेच रस्ते उरत. बाळ मारलं तर कोर्टात उभी राही ती पोर. फसवणारा मोकळाच.

हे पाहून जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तशा पाट्या लावल्या. विधवेनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळाला सोबत न्यावं किंवा इथंच ठेवावं, तिची मर्जी. ज्यांच्या घराण्यांनी फुल्यांना नावं ठेवली, त्याच घरातल्या मुली अंधार पडल्यावर त्यांच्या दाराशी आल्या. बाळंतपणं सावित्रीबाईंनी बघितली. तिथं आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्यानं १८७४ मध्ये दत्तक घेतला. पुढं तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना वारल्या.

त्या घराचा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. चूक कुणाची, हे तिथं आधी विचारत नव्हते. आधी आसरा, आणि तिचं नाव बाहेर जाणार नाही हा भरवसा.

दुसरं दार पंडिता रमाबाईंचं. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. इथं आसऱ्याला शिक्षणाची जोड मिळाली. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही तरुण विधवा होती. तिनं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला.

पण १८९३ मध्येच शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ उठला. सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या मुलींना कुठं राहायचंय, हे विचारण्याची तेव्हा रीतच नव्हती. खासगी आश्रमाची ही मर्यादा होती. पालक आला की मुलीचं म्हणणं संपलं.

रमाबाई मात्र थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, बेवारस, वाईट माणसांच्या हाती पडू शकतील अशा सुमारे ३०० मुली-बायका त्यांनी आणल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं तिथं मुली शिकल्या. पोटापुरतं कमावता आलं तर परत त्याच घरी मार खायला जावं लागत नाही, हे रमाबाईंनी ओळखलं होतं. आपल्या गटातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

मग सरकार यात आलं. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला, १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पण निराधार मूल आणि चोरीत सापडलेलं मूल, दोघांनाही रिमांड होम दाखवलं जाई. म्हणून तर आजही त्या शब्दाचा लोकांना धाक वाटतो. २००० सालच्या बाल न्याय कायद्यानं ही सरमिसळ मोडली. गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी निरीक्षणगृह वेगळं, आणि काळजीची गरज असलेल्यांसाठी बालगृह वेगळं. मुलगा असो की मुलगी, १८ वर्षांपर्यंत बालकच, हेही त्याच कायद्यानं ठरवलं.

त्याच्या आधी, १९९६ मध्ये मुंबईत एक नंबर सुरू झाला होता, १०९८. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करायच्या. अडचणीत सापडलेली मुलं त्यांना रात्री-अपरात्री फोन करायची. त्यातून चाइल्डलाइन उभी राहिली. 'दस नौ आठ' असं म्हटलं की न शिकलेल्या मुलाच्याही ध्यानात राहतं. २०२३ पासून ही सेवा सरकारकडे आली, ११२ शी जोडली गेली, पण नंबर तोच राहिला. फोन फुकट, चोवीस तास चालू.

आता २०१५ चा कायदा काय सांगतो ते नीट ऐका. जिचं अल्पवयात लग्न लावण्याचा धोका आहे, तीही 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. तिला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं पोलीस नेऊ शकतात, नर्स नेऊ शकते, तुमच्या-आमच्यासारखी बाई नेऊ शकते. ती स्वतःही जाऊ शकते. पण प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत हे करायचं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढंही नेता येतं. समितीनं तिचं म्हणणं ऐकायचं असतं. १८९३ मध्ये मुलींना जे मिळालं नाही, ते आज कायद्यात लिहिलेलं आहे.

म्हणून चांगल्या मनानंसुद्धा तिला आठवडाभर घरात लपवून ठेवू नका. त्यात तिचंही नुकसान आणि तुम्हीही अडचणीत. तिला जेवू घाला, निजू द्या आणि त्याच रात्री १०९८ लावा. लग्नाचा विषय असेल तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही कळवा. जिल्ह्याच्या सखी केंद्रातही तात्पुरता निवारा मिळतो.

पोरीला दिवस गेले असतील, तर पोलिसांत तक्रार नोंदवलेली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. तिचं नाव, फोटो, गाव उघड करणं गुन्हा आहे. बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ते समितीकडं कायदेशीरपणे सोपवता येतं, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. फुल्यांच्या घरातली 'तिची मर्जी' आज अशी कायद्यात आली आहे.

एवढं असूनही एक गोष्ट कायद्याला करता येत नाही. समिती जिल्ह्याच्या गावाला, बालगृहही तिकडंच. पोर मात्र आपल्या वाडीवर, रात्रीच्या अंधारात. पहिलं दार शेजारणीचंच असतं. ती दार उघडून "आधी आत ये" म्हणते, की "तुझ्या बापाला बोलावते" म्हणते, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि सकाळी ती गोष्ट पाणवठ्यावर गेली, तर पुढची पोर कुणाच्याच दाराशी येणार नाही.

तेव्हा येत्या बैठकीत दोन कामं करा. १०९८ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरातल्या मुलामुलींकडून पाठ करून घ्या. आणि अशी पोर आली तर तिच्यासोबत जिल्ह्याला कोण दोघी जाणार, हे आजच ठरवून ठेवा. गाडीभाडं गटाच्या पैशातून काढायचं का, तेही बोलून घ्या. वेळ आल्यावर ठरवायला बसलो, तर रात्र निघून जाते.